आठशेच्या गाडीत तेराशेचं इंजिन

हातातला कप आधी खाली ठेवा, मग सांगते. पुढे कपाचंच काम आहे. आणि हसायचं तर खुशाल हसा, पण हे घडत होतं तेव्हा मी जाम घाबरलेले होते, एवढं ध्यानात असू द्या.

माझी शाळा लांब उत्तरेत, डोंगरात. कॉलेज बंगळूरला. डहाणूला यायचे ती सुट्टीपुरती, चिकू खायला. शिक्षण संपल्यावर मात्र ठरवलं की लोकांसाठी जे काही करायचं ते आपल्याच भागात. बाबा म्हणाले, कर. त्यांना वाटलं, पोरगी वाडीत लक्ष घालणार. मी पोचले ती थेट तलासरीत, झरीच्या टेकडीवरच्या एका पाड्यावर!

तो २०१८चा हिवाळा. जमीन हलत होती तेव्हाचा. आधी पोटात गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, मग धक्का, आणि फळीवरची भांडी खणखण वाजायची. लोक थंडीत अंगणात ताडपत्र्या बांधून झोपत होते. मी घरोघर जाऊन सांगायचे, भांडी वाजली की बाहेर. विचार करायचा नाही, सामान घ्यायचं नाही. भांडी वाजली की बाहेर. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की पाड्यावरची कुत्रीसुद्धा मला बघून अंगणात जायला लागली.

सांगताना मी मोठी शूर. खरं सांगू? घरी पंख्याची सावली जरा हलली तरी मी फाटकाबाहेर उभी असायचे.

अडचण होती ती गाडीची. आमची जुनी आठशे सीसीची, काडेपेटीएवढी. तिच्यात ताडपत्र्या आणि पाण्याचे कॅन भरले की निम्म्या चढावर ती प्राण सोडायची. मग वरून माणसं उतरायची आणि सामानासकट मला ढकलत वर न्यायची. आधार द्यायला आलेल्या बाईला रोज चढवायचं कोणी, तर ज्यांची घरं हलतायत त्यांनी! मला लाज वाटायची.

चारोटीला हायवेलगत जयंतीभाईंचं गॅरेज होतं. त्यांच्याकडे कुठल्याशा मोडीत काढलेल्या गाडीचं तेराशेचं इंजिन पडलेलं. ते म्हणाले, "बेन, हेच बसव नी. टेकडी सोड, गिरनार चढेल."

बसवायचं की नाही? माझी झोप उडाली. डोळे मिटले की दिसायचं, गाडी उतारावरून सुटली आहे आणि मी आत ब्रेकवर उभी आहे. बाबांना विचारलं तर ते चिकू निवडता निवडता म्हणाले, "बकरीला बैलाचं काळीज बसवशील. पण पाय बकरीचेच ना? थांबणार कशी ती?"

मी म्हटलं, भीत बसून समाज बदलत नसतो. ते म्हणाले, आवाज कापतोय तुझा. मी म्हटलं, थंडी आहे.

शेवटी जयंतीभाईंनी तोड काढली. थोडे दिवस चालवून बघ, पसंत पडलं तर कागदोपत्री नोंद करू, नाही तर काढून टाकू. इंजिन बसलं. म्हणजे बसवलं. त्याखालची रबरं काही आमच्या गाडीच्या मापाची नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून घातले. गाडी उभी असली तरी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. ते म्हणाले, ताकद आहे ती, बेन.

गॅरेजमधून निघाले आणि नाक्यावर पोलीस! नोंद नसलेलं इंजिन, आणि हा माझ्याकडेच बघतोय. त्याने हात उचलला, तशी मी गाडी थांबवली, काच खाली केली आणि तो काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. इंजिन कुठलं, रबर कशाचं, बाबा काय म्हणाले, सगळं.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी तलासरीला जायला वाहन बघतोय. सोडाल का?"

म्हणजे तलासरीपर्यंत पोलीस माझ्या शेजारी! तो दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता. उतरल्यावर त्याने गाडीला नमस्कार केला.

पण चढाव? गाडी गोळीसारखी वर गेली. पाड्यावरच्या माणसांचे ढकलायला पुढे केलेले हात तसेच राहिले. मला काय वाटलं सांगू! वाटलं, आता या टेकडीवर कोणी अडून राहणार नाही.

फक्त दोन गोष्टी होत्या. एक, हे इंजिन हँडब्रेकला दाद देत नसे, म्हणून मी गाडीचं नाक लाडकीमावशीच्या ओट्याला टेकवून ठेवायचे. दुसरी, इंजिन बंद केलं तर परत सुरू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते चालूच ठेवायचे. लाडकीमावशी म्हणजे पाड्यातलं वजनदार माणूस. तिचं घर सगळ्यात पुढे, माझ्या सभा तिच्याच घरात.

पहिल्याच दिवशी मी आत बसून सांगत होते, घाबरायचं नाही, डोकं शांत ठेवायचं. आणि भांडी वाजली.

सगळ्यांत आधी बाहेर कोण? मी. एक चप्पल आत, ओढणी दाराच्या कडीला. मागून बाया, म्हातारी माणसं, कोंबड्या. सगळे अंगणात उभे, आणि भांडी आपली वाजतायत. थांबेचनात! इतका लांब भूकंप कोणी पाहिला नव्हता. मी रडायच्या बेतात. शेवटी मावशीचा नवरा सावकाश गाडीपाशी गेला आणि त्याने चावी फिरवली.

भांडी गप्प.

मग जे हसू उठलं, ते खालच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. मीही हसले. काय करणार?

पुढे ती सवयच झाली. मी आले की भांडी वाजायची, भांडी वाजली की मावशी चुलीवर चहा चढवायची. मला तर कौतुक वाटायचं. हॉर्नसुद्धा लागत नाही, असं मी बाबांना ऐटीत सांगितलं. बाबा चिकू निवडत राहिले. यात काही चुकतंय हे मला सुचलंही नाही, हे माझं शिक्षण!

एके दिवशी मी चारोटीला नट आवळून घ्यायला थांबले होते. अचानक खिळ्यांना टांगलेले पाने झुलायला लागले. इंजिन तर बंद होतं. जयंतीभाई, मी, समोरचा भजीवाला, सगळे रस्त्यावर. चांगलाच धक्का होता. मी तशीच निघाले. झरीची काय दशा झाली असेल? हात स्टेअरिंगवर थरथरत होते, त्यातलं माझं किती आणि इंजिनाचं किती, कळत नव्हतं.

पोचले. अंगणात कोणी नाही. आत डोकावले, तर सगळे निवांत बसलेले. भिंतीला नवी भेग. आणि माझ्यासाठी कप भरून ठेवलेला, वर साय धरलेली.

लाडकीमावशी जरा रागातच होती. "भांडी वाजली, म्हटलं ताई आली. चहा केला. तू येसच ना. निवला पार."

मी विचारलं, बाहेर कोणीच गेलं नाही?

"कशाला? तुझीच गाडी ना?"

मी त्या भेगेकडे बघत उभी राहिले. इतके दिवस घसा कोरडा करून या माणसांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि माझ्या इंजिनाने ती पुसून टाकली होती. धक्का थोडा मोठा असता तर? तो निवलेला चहा मी प्यायले.

तिथूनच परत चारोटी. जयंतीभाईंना म्हटलं, काढा हे. त्यांना वाईट वाटलं. ताकद कमी पडली का, असं विचारू लागले. मी म्हटलं, नको तिथे पोचली.

जुनं इंजिन आलं आणि पुन्हा ढकलणं आलं. पाड्यावर पोचल्या पोचल्या मी घरोघर हिंडले. हात जोडून सांगितलं, आता माझ्या गाडीने चमचाही हलणार नाही. मी येईन ती गुपचूप. भांडी वाजली तर ती मी नाही. भांडी वाजली की बाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या जिवात जीव आला. लाडकीमावशीने चहा दिला, मी भिंतीला टेकून बसले. पहिला घोट घेतला.

आणि भांडी वाजली.

मावशी उठली, नातीला काखेत मारलं आणि बाहेर. तिच्यामागे सगळं घर, शेजारची घरं, एकही जण मागे राहिला नाही. अगदी मी शिकवलं होतं तसं! एकजण सोडून. मी कप धरून तिथेच बसले होते आणि कपाळाला आठ्या घालून दाराकडे ओरडत होते, "अरे, गाडी कोणी सुरू केली?"

मावशी परत आत आली. माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला, मनगट धरलं आणि मला फरफटत अंगणात नेलं. समोर गाडी उभी होती, बंद. चावी माझ्याच मुठीत.

मावशीने मनगट सोडलं नाही. जमलेल्या सगळ्यांकडे बघत म्हणाली,

"हिला शिकवा रे कुनीतरी. भांडी वाजली का बाहेर."