माझं चुकलं रे

सांताक्रूझच्या आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक होते आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते ताई सांभाळायची. चारचौघांत ती कधी कुणावर ओरडली नाही. फक्त म्हणायची, "जरा बाहेर ये रे." ते ऐकलं की भलेभले चहा अर्धा टाकून उठायचे.

एकदा आमच्या सगळ्यात लाघवी कार्यकर्त्याने खारदांड्यातल्या एकाचा रिपोर्ट त्याच्या मित्राला सांगितला. काळजीपोटीच सांगितला, पण वस्तीभर झालं आणि त्या माणसाने औषधाला येणंच सोडलं. ताई आम्हा दोघांना घेऊन त्याच्या दारात गेली. त्याने दार उघडलं नाही. शेजारी कान देऊन उभे होते, म्हणून ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं रे."

परतताना कार्यकर्ता म्हणाला, "ताई, चूक तर माझी होती ना?"

"हो. म्हणून उद्यापासून तू वस्तीत जायचं नाहीस."

तो रडला. मला ते फार कठोर वाटलं.

आठवड्याने तिला फोन आला. "दार उघडलं नाहीस ते बरोबरच केलंस," ती म्हणाली, तेव्हा मला कळलं कुणाचा ते. "लांबचा दवाखाना हवाय ना? मी येते बरोबर." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन घेऊन बाहेर गेली.