तेराच्या पाढ्याची लंगडी

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये पाढे पाठ करताना पाय मोडलेला मी एकटाच माणूस आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. धाकटी मीनल तिसरीत होती. सोमवारी तोंडी परीक्षा, आणि तेराचा पाढा आला नाही तर पुन्हा तिसरीतच, असं बाईंनी बजावलेलं! थोरला श्रीकांत एकदा वाचायचा, की झालं. म्हणून मी मीनललाही त्याच्या शेजारी मांडी घालून बसवलं. तेरा त्रिकला पोचली की तिची नजर पंख्याला लागायची. मी ओरडायचो, ती रडायची. खरं सांगतो, मला तिची काळजी वाटायला लागली होती.

रविवारी सकाळी पॅसेजमधून आवाज आला, "तेरा साते एक्क्याण्णव!"

डोकावलो तर बाईसाहेब ठिकरीच्या घरांतून लंगडी घालत होत्या!

"मीनल, तेरा पाचे?"

"पासष्ट!" (एका पायावर.)

"आता दोन्ही पाय टेकव. तेरा पाचे?"

"...बाबा, तुम्ही सांगा ना."

मी चाटच पडलो. पाढा पोरीच्या डोक्यात नव्हता, पायात होता! आता हा शोध एका पोरापुरता ठेवायचा? मी श्रीकांतलाही उभा केला. एक पाय उचलताच तो बेचा पाढासुद्धा विसरला.

"बाबा, मला बसूनच येतं हो!"

"तुला नीट लंगडी येत नाही म्हणून! हे बघ, असं!"

तेरा चोकपर्यंत मी झकास गेलो. तेरा पाचेला लुंगी पायात आली आणि तेरा सकच्या घरात मी आडवा.

"वाट लागली!" श्रीकांत म्हणाला. बायको धावत आली. "अहो, परीक्षा तिची आहे ना?"

सोमवारी माझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून शाळेत बायको गेली. बाईंना सगळं सांगितलं. बाई भल्या. त्यांनी बाकांमधली जागा मोकळी करून दिली आणि मीनल फळ्यापासून दारापर्यंत लंगडी घालत पास झाली! मला तर रडूच आलं.

पुढे दीड महिना मी पलंगापासून मोरीपर्यंत लंगडी घालत होतो. मागून मीनल यायची. "बाबा, नुसते काय जाता? पाढा म्हणा ना!"

रोज म्हटला. तेरा सक मला अजून येत नाही.