लाइनमन काकांनी दार ठोठावलं तेव्हा

‘तार बंद आहे’ असं कोणी सांगितलं की लाइनमन काका हात मागे घ्यायचे. नागपूरकडे वीज मंडळात ते तीस वर्षं खांबांवर चढले होते. कोणीतरी खालून ‘बंद आहे’ म्हणाला म्हणून त्यांचा जोडीदार वर गेला, तो जिवंत उतरला नाही. तेव्हापासून काका म्हणायचे, “दुसऱ्यानं सांगितलेलं मी ऐकतो. पण पाहतो मीच.”

नंतर ते अमेरिकेत, नोव्हायला मुलाकडे राहायला आले. आमच्यापासून चार घरं पलीकडे. कोणाकडेही चहाला गेले की आधी बेसमेंटमध्ये उतरून इलेक्ट्रिक पॅनल बघायचे. आम्ही हसायचो. मी ऑटो कंपनीतला इंजिनिअर, मला तर फारच हसू यायचं.

त्या जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि सगळ्या वस्तीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी घरात श्वासाची वाफ दिसायला लागली. मी जनरेटर आणला, घराला लागूनच्या गॅरेजमध्ये लावला, दार वीतभर उघडं ठेवलं. माझ्या बायकोने, मानसीने हीटर लावला. आमच्या लेकीला, सईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून सोफ्यावर झोपवलं.

दुपारी काकांचा फोन आला. “जनरेटर कुठं ठेवला?”

“गॅरेजमध्ये. काळजी नको काका, दार उघडं आहे.”

“आत्ता बाहेर काढ. त्याच्या विषारी गॅसला वास नसतो.”

“हो, काढतो,” म्हटलं आणि बसून राहिलो. डोकं दुखत होतं. झोप झाली नसेल, असं वाटलं. विषारी गॅसचा अलार्म वाजलाच नाही. तो सारखा पीप-पीप करतो म्हणून त्याची बॅटरी मीच महिन्यापूर्वी काढून ठेवली होती.

थोड्या वेळाने दार धडाधडा वाजलं. काठी टेकत, बर्फातून काका चालत आले होते. माझ्याकडे न बघता ते सोफ्याशी गेले. “सई! ए सई!” तिची मान लुळी पडली. सत्तरीतल्या त्या माणसाने तिला उचललं आणि बाहेर नेलं. मागे मानसी आणि मी, भिंत धरत. सईला अंगणात मानसीकडे देऊन काका श्वास रोखून गॅरेजमध्ये शिरले, जनरेटर बंद केला आणि परतताना बर्फावर घसरले. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

सई हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आली. “अजून थोडा वेळ गेला असता तर…” डॉक्टर म्हणाल्या.

ऑपरेशननंतर मी काकांच्या खाटेशी जाऊन बसलो.

“घाबरलास?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“घाबरलेलं बरं. मी अजून घाबरतो.”

ते व्हीलचेअरवरून नागपूरला परतले, पुन्हा चालले नाहीत. काही वर्षांनी, दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा मेसेज आला, काका गेले.

मी सईला जवळ बसवून सांगितलं. वादळ आलं तेव्हा ती चार वर्षांची होती, तिला काहीच आठवत नाही. “हू वॉज ही, बाबा?” तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. जनरेटर आत कोणी ठेवला होता, तेही.