कड्याजवळची बाग आणि तिची साफसफाई

ताईचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या बाग समितीत लॉनवरून वाद घालत होते. "ये दोन दिवस. बाग दाखवते," ती म्हणाली. "अन् रविवारी सभा हाय. माझ्या बाजूनं बसायला कुणीतरी पायजे."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न होऊन आष्टी तालुक्यात गेली, आता कडा गावाजवळच्या एका महिला दूध संस्थेची संचालक आहे. संस्थेच्या आवारात पूर्वी विलायती लॉन आणि पाम होते. दुष्काळात गाव हंडे घेऊन टँकरच्या रांगेत, आणि टँकर आधी लॉनकडे. ताईने भांडून ते बंद केलं आणि तरवड, निरगुडी, आपटा, बोर अशी माळावरची झाडं लावली. यंदा ती वरून पाणी न घालता फुलली होती. तरीही काही सभासदांना लॉन परत हवं होतं, आणि त्याचा निकाल रविवारच्या सभेत लागणार होता.

पुण्याहून एसटीने नगर, तिथून बीडच्या गाडीने कडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्त आणि उभ्याने होतो. नगर सोडल्यावर रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. भाद्रपद संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. कड्याच्या स्टँडसमोर भजी झकास मिळतात. पाणी मात्र आपलं आपण न्यावं.

गाडी उशिरा पोचली. ताई स्कूटी घेऊन केव्हाची ताटकळत उभी होती. वाटेत ती तरवडाच्या पिवळ्या फुलांबद्दल बोलत राहिली, इतकी खुश मी तिला फार दिवसांनी पाहिली.

संस्थेच्या आवारात शिरलो आणि स्कूटी थांबली. समोर स्वच्छ, सपाट माती होती. पंधरा-वीस बायका विळे-खुरपी घेऊन सावलीला टेकल्या होत्या. मधोमध वाळलेल्या पामची खोडं उभी होती, त्यांना ताजा चुना आणि गेरू लावलेला.

"बघा ताई," गयाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या. "तुमच्या सभेसाठी समदं लख्ख केलं." गयाबाई म्हणजे ताईची पक्की पाठीराखी, हे श्रमदान त्यांनीच भरवलं होतं.

"गयाबाई, बाग कुठंय?"

"तेच मी म्हनलं. तन लई वाढलतं, त्यात बाग दिसंना."

ताईने स्कूटी वळवली. घरी जाऊन कांदे चिरत बसली. घरात लागत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त चिरले. "गेली गं माझी बाग," एवढंच म्हणाली. मला गयाबाईंचा भयंकर राग आला. संध्याकाळी त्यांच्याकडून भाकरी आणि ठेचा आला. मी रागातच खाल्ला. ठेचा फार चांगला होता.

रविवारी सभेत अध्यक्षबाईंनी विषय काढला. मागून एक जण म्हणाली, "नुसती मातीच ठिवायची तर लॉन काय वाईट?" बऱ्याच माना हलल्या. मी ताईच्या बाजूने बसले होते, पण बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

ताई उठली. "काल काढलेलं कुठं टाकलंत?"

"टाकतंय कोन?" गयाबाईंनी लुगडं जरा वर करून दुखरा गुडघा दाखवला. त्यावर निरगुडीचा पाला बांधलेला होता. "रातच्याला झोप लागली, बघा."

"बोरीचे काटे मी कुंपनाला नेले," दुसरी म्हणाली.

"आपटा आमच्या शेळीनं खाल्ला." हे जरा हळू आलं.

"अन् पाम वाळले, तवा काय काय नेलंत?" ताईने विचारलं.

सगळ्या खोडांकडे बघू लागल्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, "त्येला चुना लावतो की आमी."

अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. मग गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "आमीच आमची बाग खुरपली. तन न्हवतं ते. मुळं हायेत अजून, येतील वर." लॉन नको, बागच राहू द्यावी, हा ठराव त्यांनीच मांडला. सगळे हात वर झाले. ठरावात एक पाटीही मंजूर झाली: 'ही बाग आहे. साफ करू नये.'

निघताना ताईने माझ्या पिशवीत काढलेल्या तरवडाच्या शेंगा टाकल्या. इतकी वर्षं मी घरी कुंड्यांना पाणी घालत आले, पण गेल्या कित्येक सहलींतून मी काही जिवंत घरी आणलं नव्हतं. सोसायटीच्या गेटजवळ बी टोकलं. समितीला सांगितलं नाही.

परवा ताईचा फोन आला. तरवडाला बुडातून फुटवे आलेत. गयाबाई पाटीजवळ बसून असतात. ताईलासुद्धा निरगुडीचं पान तोडू देत नाहीत.

माझंही बी उगवलं होतं, चांगलं वीतभर. काल आमच्या माळ्याने गेटजवळची जागा साफ केली. फार लख्ख दिसतंय म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

मी पाटी रंगवायला टाकली आहे.