दवाखान्यात मी 'ससा' म्हणाले

नागभीडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी एकदा खोटं बोलले होते... दोन हजार सालच्या आसपासचा हिवाळा, मी नववीत.

मामूंनी नागपूरहून गिनी पिगची जोडी आणून दिली होती. एक भुरा, एक काळा-पांढरा. आमच्या घरात 'पिग' हा शब्द चालणार नव्हता, म्हणून मामूंनी आणि मी अम्मीला सांगून टाकलं, हे विलायती ससे आहेत. अम्मी रोज कोथिंबिरीच्या काड्या त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागली.

मग भुऱ्याचं पोट बिघडलं. अम्मी आणि मी त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर एका अडलेल्या गाईपाशी होते, हात कोपरापर्यंत भरलेले. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय आहे वं पोरी टोपलीत?"

अम्मी शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "ससा."

"मंग हिरवा पाला बंद कर. कोरडं गवत दे."

मी ते अगदी मनापासून पाळलं... पोट सुधारलं तरी तीन-चार आठवडे दोघांनाही फक्त कोरडं गवत आणि चणे. एक दिवस भुरा मागचे पाय ओढत चालू लागला. हात लावला की किंचाळायचा.

या वेळी मी एकटीच गेले आणि खरं नाव सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, बराच वेळ वाचलं.

"सशाच्या अंगात व्हिटॅमिन सी आपोआप बनते, याच्या नाई बनत. याले रोज हिरवं लागते. पयलेच काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी औषधाचे थेंब दिले, आवळा आणि पेरू खाऊ घालायला सांगितलं. काळ्या-पांढऱ्याने खाल्लं. भुऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, त्याला चावताच येईना... दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या मांडीवरच गेला.

रडत रडत मी अम्मीला सगळं सांगितलं. तिने मला जवळ ओढलं.

"नाम बता देती तो क्या होता, बेटी? मैं दो दिन गुस्सा रहती... बस."

काळा-पांढरा पुढे दोन वर्षं जगला. अम्मी स्वतः त्याला आवळ्याच्या फोडी भरवायची.

आज माझी मुलगी काही सांगताना अडखळली, की मी आधी माझा राग गिळते. हे शिकले खरी... पण एका मुक्या जिवाच्या मोलाने.