मालकांचा मुहूर्त

मुहूर्त पाहिल्याशिवाय आमचे घरमालक भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नसत. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो त्यांनी तासभर दारातच उभा केला. "राहुकाळ चाललाय. घर माझं हाय, पण भोगाल तुम्ही!" आईनं टेम्पोतल्याच स्टोव्हवर चहा केला आणि पहिला कप त्यांना दिला.

सगळे त्यांना मालक म्हणत. पिशोरची शेती बटाईनं देऊन त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत हे दुमजली घर बांधलं होतं. "शेताला पाणी लागतं, खत लागतं. भिंतीला काय लागतं?" असं ते ऐटीत विचारत. उत्तर त्यांना लवकरच मिळालं. नळाला पाणी आलं की मोटार लावायला मालक, गच्चीची गळती बुजवायला मालक, तुंबलेल्या मोरीत काठी घालायलाही मालकच. दोन्ही मजले भाड्यानं देऊन स्वतः मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत. नवा पोस्टमन त्यांनाच विचारी, "काय हो बाबा, मालक आहेत का घरात?"

माणूस मात्र मोठा गोड. पिशोरहून हुरडा आला की आधी भाडेकरूंना, उरला तर घरात. अशा माणसाला गुंडाळायला फार अक्कल लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या पेशकारांकडे ती गरजेपेक्षा जास्त होती.

मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. सुनेला पत्र्याखाली कसं आणायचं? मालक खालच्या दोन खोल्या रिकाम्या करून मागायला गेले. पेशकारांचा जन्म कोर्टात लोकांना तारखा देण्यात गेलेला. ते म्हणाले, "आत्ता करतो. पण मालक, पितृपंधरवडा आहे. तुमच्याच वास्तूला दोष लागायचा." मालक चहा पिऊन परत आले. दिवाळीनंतर पेशकारांची लेक बाळंतपणाला आलेली होती. मग पौष लागला.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, तुमचंच पंचांग ते तुम्हाला वाचून दाखवायलेत!"

"व्हय, पण खोटं कुठं वाचलं?" मालक म्हणाले.

माघात लग्न लागलं. दुमजली घराचा वारस बायकोला घेऊन पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहायला गेला. तिथं खोली मिळाली ती नेमकी अमावास्येला. सामानाच्या हातगाडीमागे मालक चालत होते. त्या दिवशी त्यांनी कुणाला थांबवलं नाही. मला पेशकारांचा भयंकर राग आला.

दोन-तीन वर्षांनी मालक गेले, त्याच पत्र्याखाली. खांदा द्यायला पेशकार सर्वांत पुढे होते. रडलेही, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तेराव्याची पंगत उठल्यावर मुलानं हळूच खोल्यांचा विषय काढला. पेशकारांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"अरे, घरातला कर्ता माणूस गेलाय. वर्षश्राद्ध होईस्तोवर वास्तू हलवू नये."

मुलगा उठून पत्रावळ्या गोळा करायला लागला. वाईट याचंच वाटतं, की मालक असते तर त्यांनाही हे पटलं असतं.