मंदाचा अभ्यास दौरा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मित्रांजवळ नाही, मुलीजवळ नाही. मंदाजवळ तर नाहीच, आणि तिला सांगायची गरजही नाही, कारण तिला सगळं ठाऊक आहे. तुम्ही परके आहात, म्हणून तुमच्यापुढे जीभ रेटते आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. ‘अभ्यास दौरा’ हा शब्द तुमच्याकडे कसा वापरतात? आमच्या भागात त्याचा अर्थ सगळ्यांना पक्का माहीत होता. ज्याला ग्रामपंचायतीला काही विकायचं आहे, तो तिकीट काढणार. हॉटेल त्याचं, कोंबडी त्याची, बाटलीही त्याचीच. सकाळी तासभर एखादं आदर्श गाव बघायचं, हार घालून घ्यायचे, फोटो काढायचा, आणि पुढचे तीन दिवस मजा. ‘साहेब अभ्यासाला गेले’ असं कोणी म्हटलं की चहाच्या टपरीवरचे लोक गालात हसत. माझा एक मित्र म्हणायचा, दौऱ्याला वही लागत नाही भाऊ, टॉवेल लागतो.

मीही हसायचो. मोठ्याने हसायचो.

ते दोन हजार चार-पाच साल असेल. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. सरपंच व्हायची हौस मला होती, आणि नेमकी जागा निघाली बाईची. मग काय — मंदाला उभं केलं. अर्ज मी भरला, प्रचार मी केला, गुलाल माझ्या अंगावर पडला. लोक मलाच सरपंचसाहेब म्हणत आणि मी ओ देत असे. मंदा सह्या करायची. कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवायची आमच्यात रीतच होती — आमच्याकडेच नाही, आजूबाजूच्या पाच-सहा गावांत तसंच चालायचं. धान रोवायच्या दिवसांत बाईला बांधावरून कुठे बोलवायचं, असं आम्ही म्हणायचो. छान वाटायचं ऐकायला.

तर पत्र आलं. महिला सरपंचांसाठी अभ्यास दौरा. पश्चिमेकडचं एक आदर्श गाव, नंतर कोकणात दोन दिवस समुद्रकिनारी. खर्च सौरदिवे विकणाऱ्या एका कंपनीचा. पत्र मंदाच्या नावाचं होतं आणि माझ्या खिशात होतं. पण आमच्या पंचायतीचा चपराशी बोलका माणूस — त्याने तिला सांगून टाकलं.

मंदा नववीपर्यंत शिकलेली. लग्न झालं तशी शाळा सुटली. तिने ‘अभ्यास’ शब्द ऐकला आणि — कसं सांगू — तिने तो खरा मानला. मुलीची एक जुनी वही घेतली, तिची लिहिलेली पानं फाडली आणि उरलेल्या पानांवर प्रश्न लिहायला बसली. तलावातला गाळ तुम्ही कसा काढला? बाया ग्रामसभेत बोलतात का? बोलल्या तर घरचे काय म्हणतात? असे सतरा-अठरा प्रश्न. बाजारातून निळी बॅग आणली. एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाली, समुद्राचं पाणी खरंच खारट असते का जी?

मी काय केलं? दोन दिवसांनी तिला सांगितलं, दौरा रद्द झाला.

“काऊन?” ती म्हणाली.

“सरकारी काम हाय. मले काय मालूम?”

त्याच आठवड्यात राइस मिलची मशीन पाहायला रायपूरला जातो म्हणून मी निघालो. तिने तिची नवी बॅग मलाच दिली. घरात पडून काय करायची, म्हणाली. माझे कपडे तिने स्वतः घडी करून त्यात ठेवले. आणि मी ती बॅग उचलली. खोटं कशाला सांगू — मला आनंदच झाला होता.

गोंदियाच्या स्टेशनवर आम्ही नऊ जण. नऊही नवरे. कंपनीचा माणूस हिंदीत गोड बोलायचा, त्याने सगळ्यांना शर्टाला लावायचे बिल्ले दिले. माझ्या बिल्ल्यावर छापलं होतं — सौ. मंदाताई, सरपंच. आम्ही गाडीत एकमेकांना ताई म्हणून हाका मारत हसलो. आदर्श गावची सरपंच मात्र खरोखरची बाई होती. माझ्याएवढ्याच वयाची, सुती लुगडं, हातात यादी. ती एकेक नाव वाचत गेली. मंदाताई कोण, म्हणून तिने विचारलं. मी हात वर केला. बाकीचे फिस्सकन हसले. ती हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मग तिने पुढचं नाव वाचलं.

तेव्हा लाज वाटली का? वाटली, पण जेवणापर्यंतच. मग समुद्र. दोन दिवस मी त्या पाण्यात लोळलो.

घरी आल्यावर मंदाने बॅग अंगणात झटकली. रेती पडली. रायपुरात एवढी रेती कायची, तिने विचारलं. नदीवर गेलो होतो, मी म्हणालो. ती झाडू घेऊन रेती गोळा करू लागली.

इथवर ही एका लबाड नवऱ्याची गोष्ट आहे. तसे पुष्कळ असतात. माझं पाप याच्या पुढचं आहे.

तालुक्याला दौऱ्याचा अहवाल द्यायचा होता. मला काय लिहिता येणार होतं? मी त्या गावात पाहिलंच काय होतं? तेव्हा मी मंदाची वही काढली — ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवली होती तिने. तिचे प्रश्न उतरवले, उत्तरं मनाची रचली, आणि हे सगळं लिहिलं तिनेच सही केलेल्या कोऱ्या कागदावर. ‘मी विचारले असता मला असे समजले...’

अहवाल तालुक्याच्या साहेबांना फारच आवडला. पुढच्या सभेत मंदाला बोलावणं आलं. बाया आत खुर्च्यांवर आणि आम्ही नवरे दाराशी उभे. साहेब तिचा अहवाल मोठ्याने वाचू लागले. तिने स्वतः लिहिलेले प्रश्न एकामागून एक तिच्या कानावर येत होते. तलावाचा गाळ. ग्रामसभेतल्या बाया. पहिल्या प्रश्नाला ती चमकली. दुसऱ्या प्रश्नाला तिने मान वळवून दाराकडे पाहिलं — मला शोधलं. तिची ती नजर मला आजही सहन होत नाही. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं.

साहेब कौतुकाने म्हणाले, ताई, दौऱ्याबद्दल दोन शब्द सांगा. समुद्रही पाहिला असेल ना?

एक शब्द पुरे होता. नाही. तेवढा म्हटला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं, आणि ते कापलं जायलाच हवं होतं. मंदा उठली, पदर नीट केला.

“पाह्यला,” ती म्हणाली. “लय पाणी होतं. खारट.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. हो, मीही वाजवल्या.

परतताना मोटरसायकलवर ती मागे बसली होती. वाटलं, आता विचारेल. नवेगावच्या फाट्यापर्यंत वाट पाहिली, घरापर्यंत पाहिली. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर ती कागद वाचल्याशिवाय सही करेनाशी झाली, एवढंच. कंपनीचे दिवे तोवर गावात लागले होते, पुढच्या पावसाळ्यात विझले. तलावात गाळ आहे तसाच आहे. ती वही परत ट्रंकेत दिसली नाही.

आता आमची मुलगी वैशाली पुण्याला असते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, आई, या वर्षी तुला कोकणात नेतेच, तू समुद्र कुठे पाहिला आहेस. मी तिथेच बाजेवर बसलो होतो. पेपर हातात होता.

मंदा तांदूळ पाखडत होती. तिने हात थांबवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

“मी तं पाहून आली ना,” ती म्हणाली. “मी सरपंच होती तवा.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. खरंच का बाबा, तिने विचारलं.

मी हो म्हणालो.